बदली पिचर : हॉइट विल्हेम

एखादे शिक्षक रजेवर असले म्हणजे त्यांच्या वर्गावर दुसऱ्या कोणाला तरी जावे लागते. अशा बदली शिक्षकाला फळ्यावर दुसऱ्याने अर्धवट सोडलेले गणित पुरे करावे लागते, दुसऱ्याच्या पद्धतीला सरावलेला वर्ग सांभाळावा लागतो, आणि घंटा झाली की निमूटपणे निघून जावे लागते. वर्षाच्या अखेरीस निकाल चांगला लागला, तर त्याचे श्रेय अर्थातच मूळ शिक्षकांना मिळते. त्यात अन्याय आहे असे आम्ही म्हणत नाही. मात्र ‘बदली’ या शब्दाला आपल्याकडे थोडा उणेपणा चिकटला आहे, एवढे खरे. खेळातही तीच स्थिती. शाळेच्या संघात पहिल्या अकरांत नाव न लागलेला मुलगा घरी जाऊन तसे सांगायलाही लाजतो.

विद्यार्थिमित्रहो, ज्याने आपले बहुतेक सारे आयुष्य बदली खेळाडू म्हणूनच घालवले, आणि तरीही ज्याला आपल्या देशातील त्या खेळाचा सर्वोच्च सन्मान द्यावा की नाही, याचा विचार मोठमोठ्या जाणकारांना आठ वर्षे करावा लागला, अशा एका पुरुषाचे चरित्र आज आम्ही तुम्हांला सांगणार आहोत. त्यांचे नाव हॉइट विल्हेम. देश अमेरिका, खेळ बेसबॉल.

बेसबॉल आपल्या मैदानांवर फारसा दिसत नाही, म्हणून प्रथम दोन शब्द त्याविषयी. क्रिकेटमध्ये जसा गोलंदाज, तसा बेसबॉलमध्ये पिचर. सामन्यात प्रत्येक संघाला नऊ छोटे डाव मिळतात. जो पिचर सामन्याला आरंभ करतो, त्याचा मान मोठा. तो थकला, किंवा त्याच्या चेंडूंवर प्रतिपक्ष सपाटून फटके मारू लागला, की त्याला बाहेर बोलावून दुसरा पिचर आणतात. क्रिकेटमधला गोलंदाज दोन षटके विश्रांती घेऊन पुन्हा चेंडू हाती घेऊ शकतो. येथे तसे नाही. एकदा बाहेर गेलेला खेळाडू त्या सामन्यात परत येऊ शकत नाही. म्हणजे बदली पिचर मैदानात येतो तो बहुधा संकटकाळीच. विल्हेम यांच्या उमेदीच्या काळात आरंभाला योग्य न ठरलेल्या किंवा उतरणीला लागलेल्या पिचरांकडे हे काम येई. हे काम करूनही कोणी थोर ठरू शकतो, ही कल्पना तेव्हा फारशी रुजलेली नव्हती.

हॉइट यांचा जन्म उत्तर कॅरोलायना राज्यातील हंटर्सव्हिल येथे २६ जुलै १९२२ रोजी झाला. आईवडील दुसऱ्याची जमीन कसणारे शेतकरी. घरात अकरा भावंडे. शाळकरी वयात त्यांनी डच लेनर्ड नावाच्या पिचरविषयी वर्तमानपत्रात वाचले. लेनर्ड ‘नकलबॉल’ नावाचा एक चमत्कारिक चेंडू टाकत असे. हा चेंडू मुठीत न धरता बोटांच्या टोकांनी, नखांच्या आधाराने धरतात आणि अशा बेताने सोडतात की तो हवेत जवळजवळ फिरतच नाही. फिरकी नसल्यामुळे त्याच्या शिवणीवर वारा कधी एका अंगाने, तर कधी दुसऱ्या अंगाने दाब देतो, आणि मग तो चेंडू मांडवीवरल्या वाऱ्यात सापडलेल्या पानासारखा डोलत, डुचमळत येतो. त्याला वेग नसतो. पण तो कोठे वळेल हे फलंदाजाला कळत नाही, झेलणाऱ्याला कळत नाही, आणि खरे तर टाकणाऱ्यालाही कळत नाही. हॉइट यांच्या हातात जन्मजात वेग नव्हता. जे आपल्यापाशी नाही त्यासाठी रडत न बसता, त्यांनी टेनिसचा चेंडू घेऊन हा एकच प्रकार घोटून घोटून आत्मसात केला.

१९४२ साली शेजारच्या मूर्सव्हिल गावच्या लहानशा व्यावसायिक संघात त्यांना जागा मिळाली. पण तेवढ्यात महायुद्धाने त्यांना बोलावून नेले. युरोपात, १९४४ च्या हिवाळ्यात सुरू झालेल्या बल्जच्या भीषण लढाईत ते जखमी झाले. युद्धात जखमी होणाऱ्या अमेरिकन सैनिकाला देण्यात येणारे ‘पर्पल हार्ट’ पदक त्यांना मिळाले, आणि तोफगोळ्याचा एक लोखंडी तुकडा त्यांच्या पाठीत राहिला तो राहिलाच. पुढील सारी कारकीर्द ते तो तुकडा अंगात वागवीत खेळले. युद्ध संपल्यावर ते पुन्हा मूर्सव्हिलला आले आणि १९४६ व १९४७ या दोन्ही वर्षी त्यांनी वीस किंवा अधिक सामने जिंकले. तरीही मोठ्या संघांचे दार उघडेना. इतक्या मंद चेंडूवर विश्वास ठेवायचा कोणी? आणखी चार वर्षे कनिष्ठ संघांत गेली.

अखेर एप्रिल १९५२ मध्ये न्यू यॉर्क जायंट्स संघातून ते प्रथम श्रेणीच्या मैदानात उतरले. त्या वेळी त्यांचे वय एकोणतीस होते. अनेक खेळाडू या वयात शिखरावर असतात, काही उतरणीलाही लागलेले असतात. हे जाणूनच की काय, त्यांच्या नावापुढे जन्मसाल १९२३ असे लागले होते, आणि खरे साल पुढे फार उशिरा सर्वांना कळले. संघाचे व्यवस्थापक लिओ ड्यूरोशर यांनी त्यांना आरंभाचा पिचर न करता बदली पिचर केले. त्या पहिल्याच वर्षी विल्हेम ७१ सामन्यांत खेळले. एकाही सामन्याचा आरंभ त्यांनी केला नाही. आणि तरीही १५ विजय व अवघे ३ पराभव त्यांच्या नावावर लागले. दर नऊ डावांमागे पिचरच्या खात्यावर किती धावा पडतात, त्या सरासरीने बेसबॉलमध्ये पिचरची पारख करतात. विल्हेम यांची सरासरी २.४३ होती, आणि नॅशनल लीगमध्ये ती त्या वर्षी सर्वांत उत्तम ठरली. त्याच वर्षी २३ एप्रिलला, मोठ्या सामन्यांत प्रथमच हाती बॅट घेतली असता, त्यांनी होम रन मारला. पुढे एकवीस वर्षांत त्यांना दुसरा होम रन कधीच मारता आला नाही! दैवाची अशीही गंमत असते. १९५४ साली जायंट्सनी जागतिक मालिका जिंकली, त्या विजयातही त्यांचा वाटा होता.

परंतु बदली खेळाडूला कोणताच संघ आपला कायमचा म्हणत नाही. १९५७ पासून विल्हेम यांची भ्रमंती सुरू झाली. सेंट लुई, क्लीव्हलंड, बाल्टिमोर, शिकागो, कॅलिफोर्निया, अटलांटा, लॉस एंजेलिस असे करीत एकंदर नऊ संघांचे गणवेश त्यांनी अंगावर घातले. बाल्टिमोरला व्यवस्थापक पॉल रिचर्ड्स यांनी त्यांच्या हाती सामन्याचा आरंभ दिला. २० सप्टेंबर १९५८ रोजी, बलाढ्य न्यू यॉर्क यांकीज संघाविरुद्ध, विल्हेम यांनी संपूर्ण नऊ डाव चेंडू टाकले आणि एकाही फलंदाजाला यशस्वी फटका मारू दिला नाही. बाल्टिमोरचा विजय १-० असा झाला; ती एकमेव धावही त्यांचा झेलकरी गस ट्रायँडॉस याच्या होम रनने मिळाली होती. पुढच्या वर्षी, १९५९ मध्ये, त्यांनी अमेरिकन लीगमधील सर्वोत्तम सरासरी मिळवली : २.१९. दोन्ही लीगमध्ये हा मान मिळवणारे ते पहिलेच पिचर. आरंभाला पाठवले तर हा पुरुष काय करू शकतो, हे त्या वर्षी दिसून आले. तरीही संघाच्या गरजेप्रमाणे ते पुन्हा बदलीच्या कामाला लागले.

त्यांच्या चेंडूचा त्रास फलंदाजांइतकाच आपल्याच झेलकऱ्यालाही होई. चेंडू हातमोज्यातून निसटे आणि प्रतिपक्षाचे धावपटू फुकट पुढे सरकत. अखेर १९६० साली रिचर्ड्स यांनी झेलकऱ्यासाठी नेहमीपेक्षा खूपच मोठा हातमोजा करवून घेतला. पुढे नियम करून हातमोज्याच्या आकाराला मर्यादा घालावी लागली. एका माणसाच्या मंद चेंडूसाठी खेळाच्या नियमपुस्तकाला जागे व्हावे लागले, ही गोष्ट लहान नव्हे.

शिकागोच्या व्हाइट सॉक्स संघात १९६४ ते १९६८ अशी सलग पाच वर्षे त्यांची सरासरी दोनपेक्षाही कमी राहिली. तेव्हा ते चाळिशी ओलांडून गेले होते. नकलबॉलने हातावर ताण कमी पडतो, हे त्यामागील एक कारण. पण त्याहून मोठे कारण त्यांचा संयम हेच असावे. २४ जुलै १९६८ रोजी त्यांनी सर्वाधिक सामन्यांत चेंडू टाकण्याचा साय यंग यांचा ९०६ सामन्यांचा जुना विक्रम मोडला, आणि १९७० च्या मे महिन्यात एक हजार सामने पुरे करणारे ते पहिले पिचर झाले. २१ जुलै १९७२ रोजी लॉस एंजेलिसच्या संघाने त्यांना मोकळे केले, त्या वेळी त्यांच्या पन्नासाव्या वाढदिवसाला पाच दिवस उरले होते. एकंदर १,०७० सामने, त्यांपैकी १,०१८ बदली म्हणून, १४३ विजय, १२२ पराभव, सरासरी २.५२.

आता मूळ प्रश्नाकडे वळू. न्यू यॉर्क राज्यातील कूपर्सटाउन या गावी बेसबॉलचे ‘हॉल ऑफ फेम’, म्हणजे कीर्तिमंदिर आहे. निवृत्तीनंतर पाच वर्षे लोटल्यावर ज्येष्ठ क्रीडा-पत्रकार मतदान करतात, आणि शंभरात पंचाहत्तर मते मिळाल्याशिवाय कोणाला तेथे प्रवेश नाही. १९७८ साली विल्हेम यांचे नाव प्रथम मतपत्रिकेवर आले, आणि ते नापास झाले. पुढील सहा वर्षेही तेच घडले. १९८४ साली तर ते केवळ तेरा मतांनी मागे राहिले.

ज्यांनी त्यांना मत दिले नाही ते सारे आकसाने वागले, असे आम्ही मानत नाही. विरुद्ध बाजूचे म्हणणेही नीट ऐकले पाहिजे. साय यंग यांच्या नावावर ५११ विजय आहेत. त्यापुढे १४३ ही संख्या फारच लहान दिसते. संपूर्ण सामना पेलणाऱ्याचे श्रम आणि दोन-तीन डाव टाकणाऱ्याचे श्रम एका तराजूत कसे घालावेत? शिवाय बदली पिचर येण्यापूर्वीच जे धावपटू बेसवर पोचलेले असतात, त्यांच्या धावा आधीच्या पिचरच्या खात्यावर पडतात. मग बदली पिचरची सरासरी चांगली दिसली तर नवल काय? हे आक्षेप पोकळ नाहीत.

पण नाण्याची दुसरी बाजू पाहा. ज्या नियमाने त्या धावा आधीच्या पिचरच्या खात्यावर जातात, त्याच नियमाने बदली पिचरने अडवलेल्या धावांचे श्रेयही त्याच्या स्वतःच्या सरासरीत कोठेच दिसत नाही. तीन धावपटू बेसवर असताना येऊन त्याने तिघांनाही जागच्या जागी रोखले, तरी सुधारते ती दुसऱ्याची सरासरी, आणि विजयही बहुधा दुसऱ्याच्याच नावावर लागतो. हाती आलेली आघाडी अखेरपर्यंत राखून ठेवण्याच्या कामगिरीची मोजदाद करण्याची रीत शिकागोचे पत्रकार जेरोम होल्ट्झमन यांनी १९६० च्या सुमारास सुचवली, आणि अधिकृत नोंदीत तिला स्थान मिळाले ते १९६९ साली. म्हणजे विल्हेम यांच्या एकवीस वर्षांपैकी सतरा वर्षे त्यांच्या मुख्य कामाचा रकानाच वहीत नव्हता! मागाहून जुन्या नोंदी तपासून असे २२८ सामने त्यांच्या नावावर मांडण्यात आले. वहीत रकाना नाही म्हणून काम झालेच नाही, असे म्हणता येईल काय? आमच्या मते प्रत्येक कामाला त्या कामाचेच माप लावले पाहिजे. शेराच्या मापाने कापड मोजले, तर दोष कापडाचा नव्हे. आणि जुनेच माप लावायचे म्हटले, तरी दोन लीगमधील दोन सर्वोत्तम सरासऱ्या, त्यांतील एक बदली म्हणून आणि एक मुख्यतः आरंभाचा पिचर म्हणून, ही साक्ष पुरेशी नाही काय?

१९८५ साली, आठव्या खेपेस, ३९५ पैकी ३३१ मते विल्हेम यांना मिळाली, आणि त्या वर्षी २८ जुलै रोजी कूपर्सटाउन येथे त्यांचा सन्मान झाला. मुख्यतः बदली म्हणून खेळलेला पिचर कीर्तिमंदिरात जाण्याची ती पहिलीच वेळ. दार एकदा उघडले, ते पुन्हा मिटले नाही. १९९२ मध्ये रोली फिंगर्स गेले. २००६ मध्ये ब्रूस सटर गेले, ज्यांनी मोठ्या सामन्यांत एकदाही आरंभ केला नव्हता. २०१९ मध्ये मारिआनो रिव्हेरा या बदली पिचरला तर मत देणाऱ्या प्रत्येकाने मत दिले. तोवर असे एकमत कोणाही खेळाडूच्या वाट्याला आले नव्हते.

निवृत्तीनंतर विल्हेम यांनी पुष्कळ वर्षे कनिष्ठ संघांतील तरुणांना शिकवण्याचे काम केले. २३ ऑगस्ट २००२ रोजी फ्लोरिडातील सॅरासोटा येथे, वयाच्या ऐंशीव्या वर्षी, त्यांचे निधन झाले.

विद्यार्थिमित्रहो, तुमच्यापैकी सगळ्यांचीच नावे पहिल्या अकरांत लागणार नाहीत. स्नेहसंमेलनाच्या नाटकात कोणाला नायकाची भूमिका मिळेल, तर कोणाला पडदा ओढावा लागेल. अशा वेळी विल्हेम यांची आठवण ठेवा. परंतु ही आठवण केवळ तुम्हीच ठेवून भागणार नाही. गुण देणारे, बक्षिसांच्या याद्या करणारे आम्ही शिक्षक आणि तुमचे पालक यांनीही ती ठेवली पाहिजे. आमच्या वहीत कोणता रकाना राहून गेला आहे, हे वर्षातून एकदा तरी आम्ही पाहिले पाहिजे.