नाना शंकरशेट आणि आगगाडीची पत

आमच्या लहानपणी घरातले एखादे पोर संस्कृतात चांगले गुण घेऊन आले, की आजोबा त्याला कौतुकाने शंकरशेट म्हणत. मॅट्रिकच्या संस्कृतातील जगन्नाथ शंकरशेट शिष्यवृत्तीचा जुन्या मराठी घरांत तेवढा दबदबा होता. पण त्याच नानांचा आगगाडीशी संबंध होता, हे मला पुष्कळ उशिरा कळले. खंडव्याला छोट्या गाडीतून उतरून मुंबईच्या मोठ्या गाडीत बसणारे आम्ही इंदूरकर. आगगाडी साहेबाने आणली, एवढेच आम्हांस ठाऊक.

नानांचा जन्म १० फेब्रुवारी १८०३ रोजी मुरबाडच्या मुरकुटे घराण्यात झाला. वडील शंकरशेट मुंबईतले नामांकित व्यापारी. १८२२ साली ते वारले, तेव्हा नाना अवघे एकोणीस वर्षांचे होते. त्यांनी पेढी नुसती सांभाळली नाही, तर तिचा लौकिक वाढविला. परदेशी व्यापारीसुद्धा बँकेपेक्षा नानांकडे ठेव ठेवणे पसंत करीत. पैसा पुष्कळांजवळ असतो, पत थोड्यांजवळ. नानांची खरी मिळकत ही पतच होती.

१८४५ साली मुंबईत लोहमार्ग व्हावा म्हणून नाना आणि जमशेटजी जीजीभाई यांनी मंडळी जमविली. पुढे १ ऑगस्ट १८४९ रोजी विलायतेत पार्लमेंटच्या कायद्याने ग्रेट इंडियन पेनिन्शुला रेल्वे कंपनी स्थापन झाली. नाना तिच्या संचालकांत होते. कंपनी खाजगी, भांडवल लंडनचे. पण भांडवलावर पाच टक्के व्याजाची हमी हिंदुस्थानच्या तिजोरीची. मिळकत कमी पडली तर भरपाई रयतेच्या सारावसुलीतून व्हायची. नानांची थोरवी गाताना ही बाजू झाकू नये, असे मला वाटते.

पण ती सांगितली म्हणजे दुसरीही सांगितली पाहिजे. २६ ऑगस्ट १८५२ रोजी बॉम्बे असोसिएशन निघाली. नाना तिचे पहिले अध्यक्ष झाले आणि ईस्ट इंडिया कंपनीच्या कारभाराची गाऱ्हाणी पार्लमेंटपुढे गेली. जे राज्य व्याजाची हमी देत होते, त्याच राज्याला नाना जाब विचारीत होते. १८५७ साली त्यांच्यावर संशयही आला. चौकशीअंती ते निर्दोष ठरले. मुलींच्या शाळेला त्यांनी स्वतःच्या वाड्यात जागा दिली, तीही जातभाईंचा रोष पत्करून. १८६२ साली ते मुंबईच्या कायदे कौन्सिलात बसले.

१६ एप्रिल १८५३ रोजी दुपारी साडेतीनच्या सुमारास बोरीबंदरहून चौदा डबे, तीन इंजिने आणि चारशेच्या आसपास पाहुणे घेऊन गाडी निघाली आणि सुमारे तासाभरात ठाण्यास पोहोचली. अंतर चौतीस किलोमीटर. दुसऱ्याच वर्षी गाडी कल्याणास गेली. १८६३ साली बोरघाट आणि १८६५ च्या आरंभी थळघाट खुला झालेला नानांनी पाहिला. ३१ जुलै १८६५ रोजी ते निवर्तले.

पुढे ह्याच रुळांवर मुंबईची उपनगरी वाहतूक वाढली. ३ फेब्रुवारी १९२५ रोजी व्हिक्टोरिया टर्मिनस ते कुर्ला पहिली विजेची गाडी धावली आणि त्याच वर्षी कंपनीचा कारभार सरकारने हाती घेतला. ५ नोव्हेंबर १९५१ रोजी मध्य रेल्वे झाली. कंपनी गेली, गाड्या राहिल्या.

आम्हां इंदूरकरांना ह्या गोष्टीचे विशेष अगत्य असावे. नानांच्या पश्चात, १८७० च्या सुमारास, दुसऱ्या तुकोजीराव होळकरांनी खंडवा-इंदूर मार्गासाठी सरकारला एक कोट रुपये कर्जाऊ दिले, आणि तेही साडेचार टक्क्यांनी. म्हणजे लंडनच्या भागीदारांना पाच टक्क्यांची हमी लागली, आणि आमच्या होळकरांनी अर्धा टक्का कमी घेतला. आगगाडी साहेबाने आणली, हे आजोबांचे म्हणणे अर्धेच खरे.

सुट्टीत ठाण्याची नातवंडे सुदामा नगरला आमच्याकडे येतात आणि लोकलच्या गर्दीची गाऱ्हाणी सांगतात. मी त्यांना नानांची गोष्ट सांगतो. गर्दी त्याने कमी होत नाही. पण ज्या रुळांवर ती रोज उभ्याने प्रवास करतात, त्यांवर एका मराठी माणसाने आपले नाव पणास लावले होते, एवढे तरी त्यांना ठाऊक असावे.