गोदूताईंनी ठेवलेली नोंद

शाळेत असताना गोदावरी परुळेकर हे नाव मी फक्त मोर्च्यांच्या फलकांवर वाचले होते. इंजिनिअर होऊन नोकरीला लागल्यावर त्यांचे ‘जेव्हा माणूस जागा होतो’ हाती आले आणि आपलाच डहाणू-तलासरी परिसर मला नव्याने कळला.

गोदूताई पूर्वाश्रमीच्या गोखले. जन्म १९०७ सालचा, पुण्याचा. वडील नामांकित वकील. त्यांनी स्वतःही कायद्याची पदवी घेतली. १९३९ साली शामराव परुळेकरांशी विवाह झाला. जानेवारी १९४५ मध्ये टिटवाळ्याच्या किसान परिषदेला माह्या धांगडा काही वारली सोबत्यांना घेऊन आले आणि तिथून गोदूताईंची वाट आपल्याकडे वळली.

त्या काळी कागद असे तो सावकाराकडे. लग्नासाठी काढलेल्या कर्जापायी नवराबायको वर्षानुवर्षे त्याच्याकडे राबत. त्यांना लग्नगडी म्हणत. अंगठा कशावर उठवला, किती फिटले, किती उरले, हे गड्याला वाचता येत नसे. २३ मे १९४५ रोजी झरी गावात हजारो वारली जमले. वेठ करायची नाही, रोज १२ आणे मिळाल्याशिवाय मालकाच्या शेतात पाऊल टाकायचे नाही, असे ठरले. १० ऑक्टोबरला तलवाड्यात पोलिसांनी गोळीबार केला. जेठ्या गांगड यांच्यासह पाच जण गेले. परुळेकर पतिपत्नींवर जिल्हाबंदी आली.

शामराव १९६५ साली स्थानबद्धतेतच वारले. १९७० साली गोदूताईंचे पुस्तक प्रसिद्ध झाले, १९७२ साली त्याला साहित्य अकादमी पुरस्कार मिळाला. ज्यांना लिहिता येत नव्हते त्यांची नावे, पाडे आणि हकिकती त्यात उतरल्या. ८ ऑक्टोबर १९९६ रोजी, तलवाड्याच्या स्मृतिदिनाच्या दोन दिवस आधी, त्या गेल्या.

माझ्या कामात नियम साधा आहे: ज्याची एकच प्रत, ते हरवलेच समजा. आपल्या वर्गातल्या एका मैत्रिणीच्या घरचा वनपट्ट्याचा दावा जुना कागद नाही म्हणून अडला. वनहक्क कायद्याच्या नियमांत गावातल्या वृद्धांचे लिहून घेतलेले निवेदनही पुरावा धरले जाते. तिच्या शेजारच्या आजींना ती जमीन कोण कधीपासून कसते ते ठाऊक होते. लिहून घ्यायचे राहिले, आणि आजी गेल्या.

१९४५ साली जी मुले होती, ती आज ऐंशीच्या पुढे आहेत. या स्नेहमेळाव्यानंतर प्रत्येकाने आपल्या पाड्यातल्या एका तरी म्हाताऱ्या माणसाजवळ बसावे. नाव, गाव, तारीख घालून ऐकलेले लिहावे, वाचून दाखवावे, आणि दोन प्रती काढाव्यात. एक त्यांच्या घरी, एक आपल्या शाळेच्या कपाटात. माझ्या आजोळपासून मी सुरुवात केली आहे.