श्रीनामदेवराय आणि साडेतीन चरणांचें माप

अभंग आपल्या जिभेवर रोज असतो, पण त्याची घडण आपण क्वचितच पाहतों. ती पाहावयाची तर श्रीनामदेवरायांकडे जावें लागतें. अभंगाचें लक्षण अभंगांतच सांगून ठेवणारे ते.

शके ११९२ (इ. स. १२७०) मध्यें दामाशेटी व गोणाई यांच्या पोटीं, शिंप्याच्या घरीं, त्यांचा जन्म झाला. पत्नी राजाई, गुरु विसोबा खेचर. ही हकीकत सर्वांस ठाऊक आहे. आम्ही ती लांबवीत नाहीं.

मोठ्या अभंगाचें माप असें: पहिले तीन चरण सहा-सहा अक्षरांचे, चौथा चारांचा, एकूण २२ अक्षरें. दुसऱ्या व तिसऱ्या चरणाचें यमक जुळतें. चौथा आखूड, यमकावांचून मोकळा. म्हणून हा साडेतीन चरणी. लहान अभंगांत आठ-आठ अक्षरांचे दोनच चरण, शेवटीं यमक. ऱ्हस्व-दीर्घाचा हिशेब कुठेंच नाहीं, नुसतीं अक्षरें मोजायचीं. शाळा-पंतोजी लागत नाहीं! त्यांच्याच घरीं राबणाऱ्या जनाबाईंनीं हें माप सहज उचललें. पोथी नसली तरी चालतें, कारण एक अक्षर गळलें कीं जीभच अडखळते. कापड बेतणाऱ्या हातांना हें माप आवडलें असेल, असें आम्हांस उगाच वाटतें.

भजनांत चौथा चरण लवकर सरतो. उरल्या जागेंत टाळ-मृदंग बोलतात, दम घेतां येतो. हल्लीं कांहीं गवई ती जागा पदरच्या शब्दांनीं भरून टाकतात, तें आम्हांला मुळींच रुचत नाहीं.

या मापाची खरी परीक्षा शके १२१८ (इ. स. १२९६) मध्यें झाली. आळंदीस माउलींनीं समाधि घेतली, तेव्हां नामदेवराय जवळ होते. जिवलग डोळ्यांदेखत विवरांत उतरला. पुढें आदि, तीर्थावळी आणि समाधि अशा प्रकरणांतून त्यांनीं माउलींचें चरित्र गाइलें, तेंही अभंगांतच. एवढा शोक, पण चरण मोडला नाहीं. मन आवरायला तीं मोजकीं अक्षरेंच कामीं आलीं असावींत. समाधिप्रकरण वाचतांना चौथ्या चरणापाशीं आमचा तरी कंठ दाटतो.

पुढें ते उत्तरेंत गेले, पंजाबांत घुमान येथें राहिले. तिथें मात्र अभंगाचा हट्ट धरला नाहीं. तिकडच्या लोकांच्या बोलींत पदें गाइलीं. इ. स. १६०४ मध्यें सिद्ध झालेल्या शिखांच्या आदिग्रंथांत त्यांचीं ६१ पदें रागवार लावलेलीं आहेत.

शके १२७२ (इ. स. १३५०), आषाढ वद्य त्रयोदशीस पंढरपुरीं महाद्वारांत ते समाधिस्थ झाले. संतांच्या चरणांची धूळ माथीं पडावी म्हणून पायरीची जागा त्यांनीं आपणच मागून घेतली.