मास्टर कृष्णराव फुलंब्रीकर
धार-देवासच्या पवार संस्थानांत कलावंतांना राजाश्रय लाभला. सत्तेपुढे न नमण्याची किंमत मात्र मास्टर कृष्णरावांनी मोजली. १८९८ साली आळंदीत जन्मलेले हे भास्करबुवा बखल्यांचे शिष्य. ‘प्रभात’च्या ‘धर्मात्मा’ (१९३५), ‘माणूस’ (१९३९) व ‘शेजारी’ (१९४१) या चित्रपटांच्या संगीताने ते घरोघरी पोहोचले. ब्रिटिश अमलात मुंबई रेडिओवर ते ‘वंदे मातरम्’ गाऊ लागताच ध्वनिक्षेपण बंद करण्यात आले. कृष्णरावांनी रेडिओवर बहिष्कार घातला. तेथील श्रोते आणि बिदागी दोन्हींवर पाणी सोडले. १९४७ साली ते परतले, तेही हेच गीत गाऊन. १९५० मध्ये राष्ट्रगीताचा मान ‘जन गण मन’ला मिळाला, ‘वंदे मातरम्’ला समान आदर लाभला. १९७४ साली कृष्णराव निवर्तले.