वेगाचा कारागीर ब्रूस मॅक्लारेन

ऑक्टोबर २०११ मध्ये ग्रेटर नोएडा येथे भारतातील पहिली फॉर्म्युला वन शर्यत झाली, तेव्हा जेन्सन बटन यांनी मॅक्लारेन गाडीतून दुसरा क्रमांक पटकावला. गाडीवरचे ते नाव १९७० मध्येच निवर्तलेल्या एका माणसाचे आहे, हे मात्र फार थोड्या प्रेक्षकांना ठाऊक असावे.

ब्रूस मॅक्लारेन यांचा जन्म ३० ऑगस्ट १९३७ रोजी न्यूझीलंडमधील ऑकलंडचा. वडिलांचे गॅरेज होते. कल्याण-बदलापूर रस्त्यालगतच्या गॅरेजांत हाताला ग्रीस लावूनच मेकॅनिक घडतात. ब्रूस यांची पहिली शाळाही तीच. नवव्या वर्षी खुब्याच्या सांध्याला पर्थेस हा विकार जडला. पायाला वजने बांधलेल्या अवस्थेत दीर्घकाळ अंथरुणाला खिळून राहावे लागले. डावा पाय कायमचा आखूड राहिला, रग्बीचे स्वप्न संपले. पुढे वडिलांनी एक मोडकी ऑस्टिन सेव्हन घेतली. बापलेकांनी ती खपून उभी केली आणि अवघ्या पंधराव्या वर्षी ब्रूस शर्यतीत उतरले.

१९५८ मध्ये होतकरू चालकांना युरोपात पाठवण्याच्या योजनेत पहिली निवड त्यांचीच झाली. कूपर संघात जॅक ब्रॅबहॅम यांच्यासारखा वडीलधारा सहकारी लाभला. १२ डिसेंबर १९५९ रोजी सेब्रिंग येथे अखेरच्या फेरीत ब्रॅबहॅम यांच्या गाडीतील पेट्रोल संपले आणि २२ वर्षांचे मॅक्लारेन विजयी झाले. सर्वांत तरुण ग्रांप्री विजेत्याचा हा मान २००३ मध्ये फर्नांडो अलोन्सो यांनी हिरावून घेईपर्यंत त्यांच्याकडे राहिला.

तरीही त्यांचा जीव रमला तो गाडी घडवण्यात. १९६३ मध्ये त्यांनी स्वतःचा संघ काढला. सुरुवातच अशुभ ठरली. फेब्रुवारी १९६४ मध्ये टास्मानियातील लाँगफर्ड येथे सरावात सहकारी टिम मेयर मृत्युमुखी पडले. मॅक्लारेन यांनी त्यांच्यावर लिहिलेला मृत्युलेख पुढे खुद्द मॅक्लारेन यांच्या स्मरणार्थ वाचला जाऊ लागला, हा दैवदुर्विलासच.

१९६६ मध्ये ख्रिस एमन यांच्यासह फोर्ड गाडीतून त्यांनी ल मान्सची २४ तासांची शर्यत जिंकली. १९६८ मध्ये बेल्जियममधील स्पा येथे स्वतःच्या नावाच्या गाडीतून विजय मिळवला. गंमत म्हणजे, आघाडीवरील जॅकी स्ट्युअर्ट इंधनाअभावी मागे पडल्याचा त्यांना पत्ताच नव्हता. आपण दुसरे आलो, अशीच त्यांची समजूत होती. उत्तर अमेरिकेतील कॅन-ॲम मालिकेत तर त्यांच्या पपईरंगी गाड्यांनी १९६९ मध्ये अकराच्या अकरा शर्यती जिंकल्या.

२ जून १९७० रोजी इंग्लंडमधील गुडवूड येथे नव्या एम८डी गाडीची चाचणी ते स्वतः घेत होते. भर वेगात मागचे आवरण निसटले, गाडी भिरभिरत धावपट्टीबाहेर जाऊन आदळली. मॅक्लारेन जागीच ठार झाले. वय ३२. मागे पत्नी आणि चार वर्षांची मुलगी.

संघ बंद पडणे अशक्य नव्हते. दुसरे चालक डेनी हल्म यांचे हात इंडियानापोलिसच्या सरावात भाजलेले होते. तरीही १२ दिवसांनी कॅनडातील मॉस्पोर्ट येथे संघ उतरला. मालकाच्या जागी बसलेले डॅन गर्नी पहिले आले. जखमी हातांचे हल्म तिसरे.