चार घोडेस्वार आणि सात खेचरे

ज्या माणसाविषयी मी लिहिणार आहे, त्याचा खेळ आपल्या मैदानावर कोणी खेळत नाही. अमेरिकेतील महाविद्यालयांत ज्याला फुटबॉल म्हणतात, त्यात पायाचे काम थोडे आणि खांद्याचे फार. अकरा गडी या बाजूला, अकरा त्या बाजूला. लांबट चेंडू छातीशी धरून पळायचे, चार प्रयत्नांत दहा यार्ड तरी पुढे सरकायचे, नाही तर चेंडू प्रतिपक्षाला मिळतो. आपल्या कबड्डीत रग्गड दहा माणसे जास्त घातली आणि सर्वांना एकदमच चढाईला सोडले, तर जे होईल त्याच्या जवळपास जाणारा हा प्रकार! यात सात गडी पुढे भिंतीसारखे उभे राहतात आणि चौघे त्यांच्या मागून चेंडू घेऊन धावतात. वाचकहो, ही सात आणि चारांची विभागणी ध्यानात असू द्या.

नूट रॉकनी याचा जन्म ४ मार्च १८८८ रोजी नॉर्वेतील व्हॉस या गावी झाला. वडील घोडागाड्या बांधणारे कुशल कारागीर. १८९३ साली शिकागोला जे जागतिक प्रदर्शन भरले (स्वामी विवेकानंदांनी ज्या सर्वधर्म परिषदेत भाषण केले ती याच प्रदर्शनाच्या निमित्ताने भरली होती), त्या निमित्ताने ते अमेरिकेत गेले आणि मागोमाग कुटुंबही तेथे पोहोचले. नूट तेव्हा पाच वर्षांचा होता. शिकागोच्या गल्ल्यांत तो खेळला, वाढला; पण शाळेनंतर लगेच कॉलेज त्याच्या नशिबी नव्हते. काही वर्षे त्याने पोस्टात नोकरी केली आणि पगारातून पैसे साठवले. इंडियाना राज्यात साउथ बेंड या गावी नोत्र दाम नावाचे कॅथलिक धर्मगुरूंनी चालविलेले विद्यापीठ आहे. तेथे १९१० साली त्याने नाव घातले तेव्हा तो बावीस वर्षांचा होता, डोक्यावरचे केस विरळ होऊ लागले होते आणि धर्माने तो प्रॉटेस्टंट होता. वर्गातील मुलांना तो विद्यार्थ्यापेक्षा मास्तरच वाटला असेल!

आणि अभ्यासात तो मागे नव्हता, हे मला मुद्दाम सांगायचे आहे. रसायनशास्त्र हा त्याचा विषय. फादर ज्यूलियस न्यूलँड यांच्या प्रयोगशाळेत त्याने मदतनीस म्हणून काम केले. ॲसिटिलीन वायूवरील ज्यांच्या संशोधनातून पुढे निओप्रीन हे कृत्रिम रबर निघाले, तेच हे न्यूलँड. १९१४ साली रॉकनी उत्तम गुणांनी पदवीधर झाला आणि सुरुवातीची काही वर्षे सकाळी रसायनशास्त्र आणि सायंकाळी फुटबॉल असे दोन्ही शिकवीत राहिला. रसायनात राहिला असता तर नाव मिळवले असते की नाही, कोण जाणे. मला मात्र वाटते की मैदानावरही तो प्रयोगशाळेतलाच माणूस होता.

याचा पहिला पुरावा १९१३ सालचा. चेंडू हवेतून पुढे फेकण्याची, म्हणजे फॉरवर्ड पासची, मुभा नियमांनी १९०६ सालीच दिली होती, पण मोठे संघ तिचा उपयोग क्वचितच करीत. त्या वर्षीच्या उन्हाळ्यात रॉकनी आणि त्याचा मित्र गस डोराइस हे ओहायोतील सीडर पॉइंट येथे सरोवराकाठी नोकरीला होते. काम संपले की एकाने वाळूवरून फेकायचे आणि दुसऱ्याने धावत जाऊन झेलायचे, हा त्यांचा क्रम. नोव्हेंबरच्या १ तारखेला वेस्ट पॉइंटच्या लष्करी अकादमीच्या बलाढ्य संघाविरुद्ध डोराइसने १७ फेकींपैकी १४ अचूक पोहोचवल्या आणि इंडियानातील या फारशा नाव नसलेल्या कॉलेजाने लष्कराला ३५–१३ असे नमविले.

१९१८ साली रॉकनी मुख्य प्रशिक्षक झाला. १९३० पर्यंतच्या तेरा हंगामांत १०५ विजय, १२ पराभव आणि ५ अनिर्णित सामने, असा त्याचा हिशेब आहे. त्यातील एकच हंगाम मी येथे घेतो, कारण तो केवळ खेळाचा हंगाम नव्हता.

१९२४ साली इंडियानात कू क्लक्स क्लान या संघटनेचे मोठे प्रस्थ होते. काळ्या लोकांबरोबरच कॅथलिक, ज्यू आणि बाहेरून आलेले सर्वच तिला नकोसे. त्या मे महिन्यात क्लानचे लोक साउथ बेंडमध्ये जमले तेव्हा नोत्र दामचे विद्यार्थी रस्त्यावर उतरले, मारामाऱ्या झाल्या. विद्यापीठाचे अध्यक्ष फादर मॅथ्यू वॉल्श यांना स्वतः गावात जाऊन मुलांची समजूत घालून परत आणावे लागले. त्याच वर्षी अमेरिकेने बाहेरून येणाऱ्यांवर कडक निर्बंध घालणारा कायदा केला आणि नोव्हेंबरात क्लानचा पाठिंबा असलेला उमेदवार इंडियानाचा गव्हर्नर झाला. कॅथलिक घरांतली, बाहेरून आलेल्यांची मुले आणि त्यांचा नॉर्वेत जन्मलेला गुरू यांनी अशा वर्षात देशभर फिरून सामने खेळायचे होते.

हंगाम सुरू झाला. लोम्बार्ड ४०–०, वाबाश ३४–०. मग १८ ऑक्टोबरला न्यूयॉर्कच्या पोलो ग्राउंड्सवर लष्कराशी गाठ पडली. पन्नास हजारांहून अधिक प्रेक्षक, आणि १३–७ असा निसटता विजय. पिछाडीला स्टुलड्रेहर, क्राउली, मिलर आणि लेडन हे चौघे. एकाचेही वजन ७४ किलोंवर नाही. स्टुलड्रेहर तर जेमतेम पाच फूट सात इंच. पण चौघे एका तालात सरकत आणि चेंडू कोणाकडे गेला हे समोरच्याला कळेपर्यंत पुढे निघून गेलेले असत. ग्रँटलँड राइस या पत्रकाराने दुसऱ्या दिवशीच्या वृत्तांतात त्यांना बायबलातील सर्वनाशाच्या चार घोडेस्वारांची उपमा दिली. रॉकनीच्या प्रसिद्धीचे काम पाहणारा जॉर्ज स्ट्रिकलर हा एक विद्यार्थी. त्याने गावी परतताच चार घोडे मिळवले, चौघांना खेळाच्या वेषात त्यांवर बसवले आणि छायाचित्र काढवून घेतले. ते देशभर छापले गेले.

आणि पुढचे सात? हन्सिंगर, कॉलिन्स, मिलर (हा दुसरा मिलर), बाक, कायझर, वायबेल आणि मध्यभागी कर्णधार ॲडम वॉल्श. त्यांना लोक सात खेचरे म्हणू लागले. वॉल्श त्या लष्कराच्या सामन्यात हातांची हाडे मोडलेली असताना खेळला. मी स्वतः महाविद्यालयाच्या संघात बचावाच्या फळीत खेळतो. गोल करणाऱ्याचे नाव नोटिसबोर्डावर झळकते, अडवणाऱ्याचे झळकलेले मी अजून पाहिलेले नाही. म्हणून या सातांविषयी मला किंचित अधिक आपुलकी आहे, हे लपवत नाही. असे सांगतात की घोडेस्वार श्रेष्ठ की खेचरे, यावर संघाने एकदा मतदान घेतले आणि खेचरे सात विरुद्ध चार मतांनी जिंकली! रॉकनीनेही एका सरावात चौघांच्या पुढून ही भिंत काढून घेतली व कच्चे गडी उभे केले. घोडेस्वारांना हलता येईना, अशीही कथा आहे.

प्रिन्स्टन १२–०, जॉर्जिया टेक ३४–३, विस्कॉन्सिन ३८–३. नंतर नेब्रास्का. १९२२ आणि १९२३ या दोन्ही वर्षी नोत्र दामला हरवणारा एकच संघ होता, तो हा. त्याची ३४–६ अशी परतफेड झाली. रॉकनीची एक युक्ती अशी की सामना दुय्यम फळीने सुरू करायचा. समोरचे दमले की ताजे मुख्य गडी आत सोडायचे. नॉर्थवेस्टर्न मात्र १३–६ पर्यंत झुंजले, आणि कार्नेगी टेकशी ४०–१९.

उरला कॅलिफोर्नियातील रोझ बाउल, १ जानेवारी १९२५. आगगाडीने दक्षिणेच्या लांबच्या मार्गाने जाताना रॉकनीने ॲरिझोनातील टूसॉन येथे मुलांना उष्ण हवेत सराव दिला. समोर पॉप वॉर्नर यांचा स्टॅनफर्ड संघ आणि त्यात एर्नी नेव्हर्स. दोन्ही घोटे नुकते दुखापतीतून सावरलेले असताना हा पठ्ठ्या दिवसभर भिंतीवर धडका देत राहिला. एकदा तर अगदी रेषेच्या तोंडाशी खेचरांनी त्याला रोखले. लेडनने स्टॅनफर्डच्या दोन फेकी मधल्यामध्ये पकडून ७८ आणि ७० यार्ड धाव घेतली. एक टचडाउन हन्सिंगरचा. प्रतिपक्षाच्या हातून निसटलेला चेंडू उचलून एक खेचरही धावले! निकाल २७–१०. दहापैकी दहा. एकूण गुण २८५ विरुद्ध ५४. तेव्हा राष्ट्रीय विजेता ठरवणारी अंतिम स्पर्धा नव्हती. इलिनॉय विद्यापीठातील अर्थशास्त्राचे प्राध्यापक फ्रँक डिकिन्सन यांनी गुणांकनाची एक पद्धत बसवली आणि तिच्यानुसार मागाहून १९२४ चे विजेतेपद नोत्र दामकडे गेले. क्लानच्या इंडियानातल्या या मुलांना देशभरच्या स्टेशनांवर लोक पाहायला येत होते.

रॉकनीला देव्हाऱ्यात बसवावे असे मला वाटत नाही. १९२२ मध्ये अटलांटाच्या सामन्याआधी आपला लहान मुलगा गंभीर आजारी असल्याची तार त्याने खेळाडूंना वाचून दाखवली. पोरे जिवावर उदार होऊन जिंकली, आणि परतल्यावर स्टेशनवर तोच मुलगा ठणठणीत उड्या मारताना दिसला! १९२० साली वारलेल्या जॉर्ज गिप या खेळाडूची मृत्युशय्येवरची इच्छा त्याने १९२८ च्या लष्कराविरुद्धच्या सामन्यात सांगितली. सामना १२–६ ने जिंकला, पण ती इच्छा खरी होती का याविषयी अभ्यासक साशंक आहेत. १९२५ च्या डिसेंबरात तर त्याने न्यूयॉर्कच्या कोलंबिया विद्यापीठाशी करार केला आणि बोभाटा होताच माघार घेतली. शिक्षकाने मुलांशी खोटे बोलावे, तेही विजयासाठी, हे मला पटत नाही. त्याच्या मुलांनी मात्र ते मनावर घेतलेले दिसत नाही. तारेची गोष्ट ते पुढे हसत हसत सांगत.

१९२५ च्या नोव्हेंबरात त्याने कॅथलिक धर्म स्वीकारला. १९२९ मध्ये पायाच्या शिरांच्या विकाराने तो जर्जर झाला, तरी चाकांच्या खुर्चीतून शिकवले. १९२९ आणि १९३० ही दोन्ही वर्षे संघ अजिंक्य राहिला. ३१ मार्च १९३१ रोजी चित्रपटाच्या कामासाठी लॉस एंजलिसला निघालेले त्याचे विमान कॅन्ससमधील बझार या खेड्याजवळच्या कुरणात कोसळले. आठही जण गेले. रॉकनी त्रेचाळीस वर्षांचा होता. विमानाचा लाकडी पंख निकामी झाला होता. त्या अपघाताने एवढी खळबळ माजली की विमानांची तपासणी अधिक कडक झाली आणि धातूच्या बांधणीकडे उद्योग वळला.

आणखी एक गोष्ट सांगायची राहिली. रोझ बाउलच्या त्या दीर्घ प्रवासात मुलांचे वर्ग बुडाले होते. अशा हंगामोत्तर सामन्यांमुळे अभ्यासाची हानी होते, असे म्हणून विद्यापीठाने त्यानंतर बाउल सामन्यांची निमंत्रणे नाकारली. रॉकनीच्या अजिंक्य संघांसाठीही नियम बदलला नाही, त्याच्या मृत्यूनंतरही नाही. १ जानेवारी १९७० रोजी, म्हणजे ४५ वर्षांनी, नोत्र दाम पुन्हा अशा सामन्यात उतरले. डॅलसच्या कॉटन बाउलमध्ये टेक्सासने त्यांना २१–१७ असे हरवले.