पारनेरचे सेनापती बापट : झाडू, भजन व चिंतन

आपल्या नगर (आता अहिल्यानगर) जिल्ह्यातील पारनेरचे सुपुत्र पांडुरंग महादेव बापट यांना सारा महाराष्ट्र सेनापती म्हणून ओळखतो. त्यांचा जन्म १२ नोव्हेंबर १८८० चा. शिष्यवृत्ती मिळवून ते १९०४ साली इंजिनिअरिंग शिकण्यास विलायतेत एडिंबरोस गेले, क्रांतिकार्यात पडले आणि बाँबची विद्या घेऊन परतले. हा भाग बहुतेकांनी ऐकलेला आहे. त्यांच्या सेवाव्रताची माहिती मात्र थोड्यांनाच असते.

काही वर्षे भूमिगत काढल्यावर १९१२ साली ते इंदूरला पकडले गेले. सुटून पारनेरास आले ते त्यांनी हाती झाडू धरला. पहाटे उठून गावचे रस्ते झाडावेत, शौचकूप साफ करावेत आणि ज्ञानेश्वरी-गीतेवर प्रवचन सांगावे, असा क्रम. त्या काळी ब्राह्मणाच्या मुलाने, तेही विलायतेस जाऊन आलेल्याने, हे करणे साधे नव्हते! १ नोव्हेंबर १९१४ रोजी त्यांना मुलगा झाला. बारशाचे पहिले जेवण त्यांनी अस्पृश्य गणलेल्या बांधवांना वाढले. पहिल्या पंगतीच्या मानावरून आजही कुठे कुठे रुसवेफुगवे होतात. शंभर वर्षांपूर्वी ही पंगत बसविण्यास किती धैर्य लागले असेल!

पुढे मुंबईत झाडूवाल्यांचा संप झाला, तेव्हा बापटांनी गळ्यात पेटी अडकवून भजने गात शहरातून मिरवणूक काढली. संप यशस्वी झाला.

१९२१ साली मुळशीचा सत्याग्रह सुरू झाला. टाटांच्या धरणात मावळातील पन्नासावर गावे बुडणार होती. शेतकऱ्यांच्या या लढ्यातच बापट 'सेनापती' झाले. अखेरीस धरणाच्या कामाची रेल्वे अडविल्याबद्दल त्यांना सात वर्षांची शिक्षा झाली व सिंधमधील हैदराबादच्या तुरुंगात एकट्यास ठेवण्यात आले. १९३१ साली ते सुटले. धरण झालेच, गावे गेली.

तरी त्यांच्या मनास कडवटपणा शिवला नाही. चिंतनाची ओढ मुळातच होती, कविताही ते करीत. योगी अरविंदांचा 'दिव्य जीवन' हा अवघड तत्त्वज्ञानाचा ग्रंथ त्यांनी मराठीत आणला. म्हणून लढ्यापासून दूर झाले असे नव्हे. पंचाहत्तरीच्या घरात असताना गोवामुक्तीच्या सत्याग्रहात ते होते, संयुक्त महाराष्ट्राच्या चळवळीतही होते. झाडूचे व्रत त्यांनी अखेरपर्यंत सोडले नाही.

२८ नोव्हेंबर १९६७ रोजी सेनापतींचे निधन झाले.